सरांचा हात सुटताना

प्रश्न: "मी ३६ वर्षांची आहे, जनरल सर्जरीत सहायक प्राध्यापक. ज्या सरांच्या हाताखाली पीजी केलं, त्यांच्याच युनिटमध्ये आजही आहे. टाका कसा घ्यायचा इथपासून नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगायची इथपर्यंत सगळं त्यांनी शिकवलं. अलीकडे मात्र माझं मन ऑपरेशनइतकंच ते शिकवायचं कसं यात रमायला लागलंय. भूलशास्त्र विभागातल्या एक मॅडम सिम्युलेशन लॅब, म्हणजे रुग्णाऐवजी नकली नमुन्यांवर सराव करायची प्रयोगशाळा, चालवतात. त्यांनी संशोधनासाठी बोलावलं. भीत भीत सरांना सांगितलं, तर म्हणाले, 'ज्यांना ऑपरेट करता येत नाही ते शिकवण्यावर पेपर लिहितात.' त्यानंतर मोठ्या केसेसच्या यादीत माझं नाव लागेनासं झालंय. मी कृतघ्न आहे का? सर्जनला शिकवण्यात करिअर करता येतं, की हा माझा भ्रम आहे? आणि पहिला पेपर लिहिला तर त्यावर सरांचं नाव घालायचं का? खरं सांगायचं तर मला दुसऱ्या कुणाची सुई धरायची पद्धतसुद्धा माहीत नाही."

उत्तर:

कृतघ्नतेचं आधी निकालात काढू. नाही, तुम्ही कृतघ्न नाही. कृतघ्न माणूस पत्राच्या सुरुवातीलाच सरांनी काय काय शिकवलं हे सांगत बसत नाही.

मी अडकलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी. दुसऱ्या कुणाची सुई धरायची पद्धत माहीत नाही, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. माझ्या मते तुमचं दुखणं तिथे आहे. सरांचं ते टोचणारं वाक्य म्हणजे नुसतं लक्षण.

सर्जरी शिकवणाऱ्यांमध्ये झ्विश नावाची एक मोजपट्टी वापरतात. मॅडमच्या लॅबमध्ये गेलात तर पहिल्याच आठवड्यात कानावर येईल. तिच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत गुरू ऑपरेशन करतो आणि करता करता बोलतो. दुसरीत सुरी विद्यार्थ्याच्या हातात, पण गुरू हुशार मदत करतो, म्हणजे पुढचं पाऊल विद्यार्थ्याला सुचण्याआधीच ते सोपं करून ठेवतो. तिसरीत मुकी मदत: सांगशील तिथे धरीन, आपणहून काही करणार नाही. चौथीत मदत नाहीच, फक्त रुग्णाला धोका होत नाही ना यावर नजर.

यातली दुसरी पायरी फसवी आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं साधं ऑपरेशन घ्या. सर समोर उभे राहून पित्ताशयाची मान बाहेरच्या बाजूला आणि किंचित खाली ओढतात. यकृताखालचा तो त्रिकोण पंखा उघडावा तसा उघडतो. रजिस्ट्रारचा, म्हणजे शिकाऊ सर्जनचा, हुक चरबी सोडवत जातो, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटतो, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी उरतात, नळी आणि धमनी. मागचं यकृत आरपार दिसतं. हे चित्र दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही, हे त्याला पाठ असतं, आणि त्याला ते दिसतंही. क्लिप, क्लिप, कात्री. पोरगं खूश: मी केलं! मग एका रात्री सर गावाला गेलेले असतात, समोर मदतीला नवखा हाऊसमन. तोच हुक, तेच पित्ताशय, पण त्रिकोण काही उघडत नाही. तेव्हा कळतं की ऑपरेशनचा अर्धा भाग सरांच्या डाव्या हातात होता.

तुमच्या सरांनी तुमच्या करिअरला इतकी वर्षं अशीच हुशार मदत केली. कुठली केस, कुठली परिषद, कुणाशी ओळख, कुठल्या पेपरात तुमचं नाव कितवं, हे सगळं ते ओढून धरत होते आणि तुम्हाला वाट मोकळी दिसत होती. त्यात लबाडी नव्हती, माया होती. पण नेमकी याच टप्प्यावर एक पायरी मागे सरायची असते, ती त्यांना जमली नाही, आणि तुम्हीही कधी 'सर, आता हात सोडा' म्हणाला नाहीत. तुम्ही मॅडमचं नाव काढलंत तेव्हा त्यांनी हात सोडला, पण रागाने. पद्धत चुकीची आहे. तरी हात सुटलाय.

आता तुम्ही म्हणाल, एकाच गुरूकडे सगळं मिळालं तर वाईट काय? मिळत नाही, हीच तर अडचण. हार्वे कुशिंगचं उदाहरण सांगतो, कारण न्यूरोसर्जरीचा पाया घालणाऱ्या या माणसाला एक नाही, तीन गुरू होते. कागदोपत्री तो अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हाल्स्टेड या सर्जनचा रेसिडेंट, म्हणजे हाताखालचा शिकाऊ डॉक्टर. हाल्स्टेड अबोल, तुसडा, कित्येकदा हजरच नसायचा. पण त्याच्याकडून कुशिंगने ऊतींना हळुवार हात लावायला आणि थेंबन्‌थेंब रक्त थांबवायला शिकून घेतलं. १९०० साली तो युरोपात गेला आणि स्वित्झर्लंडमधल्या बर्नला थिओडोर कोखर या सर्जनच्या प्रयोगशाळेत राहिला. तिथे त्याला प्रश्न कसा विचारायचा हे मिळालं. आणि ज्याला त्याने मनापासून गुरू मानलं तो विल्यम ऑस्लर तर सर्जनच नव्हता, फिजिशियन होता! कुशिंग त्याच्या शेजारी राहायचा, त्याच्या पुस्तकांत वावरायचा. पुढे त्याने चरित्र लिहिलं ते हाल्स्टेडचं नाही, ऑस्लरचं. त्या चरित्राला १९२६ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. हाल्स्टेडला याचं वाईट वाटलं असेल का? तोवर तो हयात नव्हता. असता तरी बहुधा काही बोलला नसता.

तेव्हा सर्जन असून भूलशास्त्राच्या मॅडमना गुरू करताय याचा संकोच वाटून घेऊ नका. पडद्याच्या पलीकडे रुग्णाच्या डोक्याशी बसून त्यांनी आपल्यापैकी बऱ्याचजणांचे हात तासन्‌तास पाहिलेले असतात. कुणाचा हात कधी थरथरतो हे त्यांना सरांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

याच कुशिंगची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तुमच्या सरांकडे बघायला ती उपयोगी पडेल. त्याच्या हाताखाली वॉल्टर डँडी नावाचा अत्यंत हुशार पोरगा होता. दोघांचं फाटलं. १९१२ मध्ये कुशिंग बॉस्टनला गेला तेव्हा डँडीला मागे ठेवून गेला. डँडी हाल्स्टेडच्या विभागात टिकला आणि १९१८ मध्ये त्याने मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र काढायची पद्धत शोधली. त्याआधी मेंदूतली गाठ कुठे आहे हे बाहेरून ओळखणं म्हणजे बरंचसं तर्कावर असायचं. दोघांचं वैर शेवटपर्यंत काही मिटलं नाही. ऑस्लरकडून इतकं प्रेम मिळालेल्या माणसाला ते आपल्या शिष्याला देता आलं नाही. ज्याचा हात चांगला, त्याचं मनही शिष्याला मोठं होऊ देण्याइतकं मोठं असेल, असं नसतं. आपण शिष्यलोक ते गृहीत धरतो आणि मग दुखावले जातो.

आता सरांच्या त्या वाक्याकडे येतो. ऑपरेट करता येत नाही ते शिकवण्यावर लिहितात म्हणे. मीही हे ऐकलंय, वेगळ्या शब्दांत, वेगळ्या सरांकडून. याचं उत्तर हाल्स्टेडच आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी त्याने जे मोठं ऑपरेशन रूढ केलं, स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढायचं, ते त्याच्या काळी सर्जरीचं शिखर समजलं जायचं. आज ते जवळजवळ कुणी करत नाही. पण १८८९ पासून त्याने आपल्या वॉर्डात जी रीत पाडली, विद्यार्थ्याने रुग्णालयातच राहायचं, वर्षानुवर्षं, आणि जबाबदारी टप्प्याटप्प्याने वाढत जायची, तिच्यावरच जगातला जवळपास प्रत्येक सर्जन आजही घडतो. तुम्ही, मी, तुमचे सर. ऑपरेशन गेलं, शिकवण्याची पद्धत राहिली.

त्या पद्धतीत खोट नव्हती असं नाही. तो पिरॅमिड होता. ३३ वर्षांत वरच्या टोकाला, म्हणजे मुख्य रेसिडेंटच्या जागेवर, अवघे १७ जण पोचले. बाकीचे मधल्या मधे गळले. गळलेल्यांपैकी एकाची गोष्ट तुम्हाला आवडेल. आल्फ्रेड ब्लॅलॉकला हॉपकिन्समध्ये सर्जरीची रेसिडेन्सी पुढे चालू ठेवायला मिळाली नाही. हाल्स्टेड तोवर वारला होता, पण पिरॅमिड उभाच होता. ब्लॅलॉक व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला, तिथे शॉकवर, म्हणजे रुग्णाचा रक्तदाब कोसळतो त्या अवस्थेवर, काम केलं, आणि १९४१ मध्ये त्याच हॉपकिन्सला सर्जरीचा प्रमुख म्हणून परतला.

परतताना त्याने एक अट घातली: व्हिव्हियन थॉमस बरोबर येईल. थॉमसने वैद्यकीय महाविद्यालयाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. सुताराचा मुलगा, कृष्णवर्णीय, महामंदीत शिक्षणाचे पैसे बुडालेले, १९३० मध्ये प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलेला. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्लॅलॉकने निळ्या पडलेल्या एका लहान मुलीच्या हृदयाजवळ रक्तवाहिनी जोडायचं ऑपरेशन केलं, ज्याची मूळ कल्पना बालहृदयतज्ज्ञ हेलन टॉसिगची, तेव्हा थॉमस त्याच्या मागे स्टुलावर उभा होता. प्राण्यांवर ती जोडणी त्याने ब्लॅलॉकपेक्षा कितीतरी जास्त वेळा केलेली होती. ब्लॅलॉक विचारायचा, थॉमस खांद्यावरून बघून सांगायचा. पुढच्या काळात त्या प्रयोगशाळेत तो सर्जन मंडळींना हात चालवायला शिकवत राहिला, आणि त्यातले कित्येक पुढे मोठमोठ्या विभागांचे प्रमुख झाले.

तुम्ही पेपरवरच्या नावाचं विचारलंय म्हणून सांगतो: ब्लॅलॉक आणि टॉसिगच्या १९४५ च्या त्या गाजलेल्या पेपरवर थॉमसचं नाव नाही. हॉपकिन्समध्ये त्याचं तैलचित्र लागलं १९७१ मध्ये, मानद डॉक्टरेट मिळाली १९७६ मध्ये. शिकवणाऱ्याचं नाव कसं गळतं याचा इतका उघडा दाखला दुसरा नसेल. त्यामुळे मॅडमच्या लॅबमध्ये उत्साहाच्या भरात 'नावाचं नंतर बघू' म्हणू नका. काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्या, पहिलं नाव कुणाचं आणि का.

मॅडमबद्दल मला काहीच माहीत नाही. त्या चांगल्या असतील. पण एका सरांच्या सावलीतून निघून दुसऱ्या सावलीत जाऊन बसायचं नसेल तर जाण्यापूर्वी थोडी चौकशी करा. त्यांच्याबरोबर आधी काम केलेले लोक आज कुठे आहेत? त्यांच्यापैकी दोघांना फोन करा, आणि निदान एक असा निवडा ज्याने ते काम अर्धवट सोडलं. तिथे खरं कळतं. मॅडमना सरळ विचारा की आठवड्यातून किती तास माझ्यासाठी काढाल. आणि विचारा, तुमचा कुठला प्रकल्प फसला आणि का. या शेवटच्या प्रश्नाला मी फार महत्त्व देतो, त्याचं कारण कोखर. गलगंडाची ऑपरेशनं त्याच्यासारखी कुणाला जमत नव्हती. पण आपल्या जुन्या रुग्णांना त्याने परत बोलावून तपासलं तेव्हा दिसलं की ज्यांची थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली होती ते मंद झालेत, सुजलेत, मुलं असतील तर वाढ खुंटलीय. १८८३ मध्ये त्याने हे स्वतः जाहीर केलं आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं बंद केलं. १९०९ चं नोबेल त्याला थायरॉइडवरच्या कामासाठी मिळालं. ते मिळवणारा तो पहिला सर्जन. आपली चूक मोजून दाखवणारा माणूस सापडला तर त्याच्याकडे शिकायला जावं, विभाग कुठला का असेना.

तुमच्या सरांमध्ये हा गुण आहे का? तुम्हीच सांगू शकाल. आठवून बघा, मृत्यू आणि गुंतागुंतींच्या बैठकीत ते स्वतःची केस कशी मांडतात. मान खाली न घालता, बहाणा न काढता मांडत असतील, तर माणूस खरा आहे, सध्या फक्त रुसलाय.

मग करिअरचं. ते असतं, पण दोन डगरींवर पाय ठेवून चालावं लागतं. माझा ठाम सल्ला आहे की ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, सोडू नका. आठवड्यातला एक दिवस तुमच्या नावाची यादी असलीच पाहिजे. हर्निया आणि पित्ताशय असेल तरी चालेल. शिकवायला तर तीच ऑपरेशनं उत्तम. ज्याचा हात थंड पडला त्याचं ओटीत कुणी ऐकत नाही, आणि त्या बाबतीत सरांच्या वाक्यात चिमूटभर तथ्य आहे, हे कबूल करायला हवं. आणि संशोधनाचा प्रश्न छोटा घ्या. 'सर्जिकल शिक्षणात सुधारणा' हा प्रश्न नव्हे, ती घोषणा झाली. तुमच्याच युनिटमधलं बघा: पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये वरिष्ठ नेमक्या कुठल्या टप्प्यावर रजिस्ट्रारच्या हातातून हत्यार काढून घेतात, आणि त्यानंतर ते परत देतात का? नीतिसमितीची परवानगी घ्या, साधा तक्ता करा, वर्षभर नोंदी ठेवा. माझा अंदाज आहे की काढून घेतलेलं हत्यार फारसं परत जात नाही. माझं तरी जात नसे. 'एक बघ, एक कर, एक शिकव' हे आपलं जुनं पालुपद ज्याने रचलं, त्याने रजिस्ट्रारच्या जागी उभं राहून बघितलेलं नसावं.

सगळे सर असेच असतात असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या ओवेन वँगेनस्टीनने १९३० ते १९६७ सर्जरी विभाग चालवला. आपल्या रेसिडेंटांना तो प्रयोगशाळेत घालायचा, प्रश्न ज्याचा त्याने शोधायचा. १९५४ मध्ये वॉल्टन लिलेहायला मुलाचा रक्तप्रवाह वडिलांच्या शरीराला जोडून हृदय उघडायचं होतं. रुग्णालयात विरोध झाला, वँगेनस्टीन लिलेहायच्या मागे उभा राहिला. त्याने स्वतः हृदयाची ती ऑपरेशनं केली नाहीत. त्याच्याकडून लिलेहाय निघाला, नॉर्मन शमवे निघाला, १९६७ मध्ये पहिलं मानवी हृदयरोपण करणारा क्रिस्तियान बर्नार्ड निघाला. तिघेही गुरूपेक्षा जास्त प्रसिद्ध झाले.

सरांशी बोलायचंच आहे. दोन केसेसच्या मधे नको, हात धुताना तर मुळीच नको. वेळ मागून, त्यांच्या खोलीत, दार लावून. परवानगी मागायला जाऊ नका, कळवायला जा. काय घेऊन निघालात ते त्यांना सांगा, आणि नेमकं सांगा. 'तुम्ही मला घडवलंत' हे पोकळ आहे. ते त्यांनी प्रत्येक निरोप समारंभात ऐकलंय. मला माझ्या सरांनी गाठ शिकवली ती रिकाम्या काडेपेटीवर. दोरा पेटीखालून घ्यायचा, एका हाताने गाठ मारायची. पेटी टेबलावरून रेसभरही हलली की सोडून पुन्हा पहिल्यापासून. कारण आत धमनीला ओढ बसली तर ती तुटते. मी युनिट सोडताना त्यांना एवढंच म्हणालो की मीही आता पोरांना काडेपेटी देतो. त्यांनी मान हलवली आणि पुढचं दीड वर्ष माझ्याशी बोलले नाहीत! मग एका रात्री फोन. "तुझ्या पोरांची पेटी सरकत नाही म्हणतात. किती दिवस देतोस त्यांना?" मी म्हटलं, तीन आठवडे. "मी एकच देत होतो," म्हणाले, आणि फोन ठेवला. तुमच्या बाबतीत असं होईलच असं नाही.

मोठ्या केसेस मिळत नाहीत याचं रडगाणं त्या भेटीत गाऊ नका. लॉगबुक मात्र आजपासून काटेकोर ठेवा, तारखेसह. तीन महिन्यांत यादी बदलली नाही तर ते लॉगबुक घेऊन विभागप्रमुखांकडे जा. तक्रार म्हणून नको, कामाच्या वाटपाचा प्रश्न म्हणून. आणि तोवर महिन्यातून दोनदा दुसऱ्या युनिटच्या ओटीत नुसतं उभं राहायला जा. लोक सुई कशी धरतात ते बघा. काही जण विचित्र धरतात आणि टाका सुंदर येतो.

राहिला पेपरवर सरांच्या नावाचा प्रश्न. वैद्यकीय नियतकालिकांचे नियम याबाबत स्पष्ट आहेत: लेखक म्हणून नाव हवं तर कामात भरीव वाटा हवा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात हात हवा, अंतिम मजकुराला संमती हवी, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही हव्यात. सरांनी यातलं काही केलं नसेल तर लेखकांत त्यांचं नाव येत नाही, प्रेमापोटीही नाही आणि भीतीपोटी तर नाहीच. आभारांच्या ओळीत घाला, पहिलं घाला, आणि पेपर पाठवण्याआधी तो मजकूर त्यांना दाखवून लेखी होकार घ्या. आभारात नाव घालायचं तरी ज्याचं त्याला विचारायचं असतं.